ताप ओसरल्यावर छातीत दुखणे: हृदयस्नायूचा दाह आणि मायक्रोआरएनए

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी मूळचा खानापूर तालुक्यातला असून बेळगावात एका पी. यू. कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. हा धागा काढण्याचे कारण घरचे आहे, म्हणून आधी ते सांगतो.

माझा भाचा १९ वर्षांचा आहे आणि सैन्यभरतीच्या तयारीला लागलेला होता. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आपल्या भागात गावोगाव पहाटे रस्त्यावर धावणारी मुले दिसतात, त्यांतलाच हा एक. पावसाळ्यात त्याला चार दिवस ताप आला, अंग दुखले, जुलाब झाले. ताप उतरला तसा पाचव्या दिवशी तो पुन्हा धावायला गेला आणि आठवड्याभराने छातीत दुखते म्हणून खाली बसला. ई.सी.जी. बिघडलेला होता, रक्तातील ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाली की रक्तात येणारे प्रथिन) वाढलेले होते, त्यामुळे हृदयविकाराचा झटका समजून अँजिओग्राफी करण्यात आली, पण हृदयाच्या धमन्या अगदी स्वच्छ निघाल्या. मग एम.आर.आय.साठी दुसऱ्या शहरात जावे लागले आणि तिथे निदान झाले की हृदयाच्या स्नायूलाच दाह झालेला आहे; डॉक्टरी भाषेत मायोकार्डायटिस. यात सहा दिवस गेले. यात कोणाची चूक झाली असे मी म्हणत नाही, कारण अशा वेळी धमन्या तुंबलेल्या नाहीत याची खात्री करून घेणे आवश्यकच असते. पण माझ्या बहिणीने मला विचारले, "रक्त तर चार वेळा काढलं की रे, मग त्यातनंच कळायला नको होतं काय?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी मायक्रोआरएनएपर्यंत पोहोचलो. जे वाचले आणि समजले ते इथे मांडतो.

आपल्या पेशींत जनुकांवरून प्रथिने तयार होतात आणि मधला निरोप संदेशवाहक आरएनए नेतो, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. मायक्रोआरएनए हा या निरोपाला आवर घालणारा साधारण २२ अक्षरांचा, अगदी आखूड तुकडा. त्यापासून कोणतेही प्रथिन तयार होत नाही. पेशीच्या केंद्रकात त्याची लांब, केसाच्या पिनेसारखी दुमडलेली प्रत तयार होते, ड्रोशा नावाचे विकर (एन्झाइम) ती छाटते, केंद्रकाबाहेर आल्यावर डायसर नावाचे दुसरे विकर तिला पुन्हा छाटते आणि उरलेला तुकडा आर्गोनॉट या प्रथिनाच्या कुशीत जाऊन बसतो. ही जोडी मग संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडील भागात आपल्याला जुळणारी सहा-सात अक्षरे शोधते, आणि ती सापडली की त्या निरोपाचे वाचन मंदावते किंवा तो निरोपच नष्ट होतो. जुळणी इतकी थोडी लागत असल्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना लगाम घालू शकतो. माणसाच्या प्रथिने घडवणाऱ्या जनुकांपैकी निम्म्याहून अधिक जनुके या लगामाखाली असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

याचा पहिला नमुना १९९३ मध्ये एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीत सापडला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या त्या कामाकडे सुरुवातीला फारसे कोणी लक्ष दिले नाही, कारण ही त्या कृमीचीच काही खासियत असावी असा समज होता. २००० मध्ये दुसरा मायक्रोआरएनए सापडला, तो माणसापर्यंत बहुतेक प्राण्यांत असल्याचे दिसले आणि चित्र पालटले. २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले.

आता हृदयाकडे येतो. हृदयस्नायूच्या दाहाचे नेहमीचे कारण विषाणूसंसर्ग हे असते: कॉक्सॅकी बी, पार्व्होव्हायरस, अ‍ॅडिनोव्हायरस, इन्फ्लुएन्झा, अलीकडे कोविडचा विषाणू. विषाणू स्नायूपेशींना इजा करतो हे खरे, पण पुष्कळदा मोठी हानी होते ती त्याला मारायला आलेल्या आपल्याच रोगप्रतिकार पेशींकडून. त्या पेशी किती चवताळतील आणि कधी शांत होतील, हे ठरवण्यात मायक्रोआरएनएचा हात असतो.

त्यांतला सर्वांत अभ्यासला गेलेला मायक्रोआरएनए म्हणजे क्रमांक १५५. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तीव्र दाह असलेल्या माणसांच्या हृदयात आणि विषाणू टोचलेल्या उंदरांच्या हृदयात, दोन्हीकडे १५५, १४६बी आणि २१ हे तीन मायक्रोआरएनए ठळकपणे वाढलेले आढळले. यातला १५५ हा मुख्यतः हृदयात शिरलेल्या भक्षक पेशी आणि टी पेशी यांच्यात होता. उंदरांना १५५ ला बांधून ठेवणारा कृत्रिम तुकडा टोचल्यावर हृदयातील दाह घटला, स्नायूची हानी कमी झाली आणि पुढील आठवड्यांत मृत्यूही कमी झाले. याच्या उलट १४६ए हा दाह आवरणारा आहे. दाहाची घंटा वाजवणारे एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन स्वतःच १४६ए ची निर्मिती वाढवते, आणि तयार झालेला १४६ए त्या घंटेपर्यंत निरोप पोहोचवणाऱ्या दोन प्रथिनांना दाबतो. चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले की त्याच दुधाने जाळ विझावा, तशी ही व्यवस्था आहे. २१ चे नाव दाहानंतरच्या टप्प्यात येते, कारण हृदयातील तंतू निर्माण करणाऱ्या पेशींना तो बळ देतो आणि स्नायूच्या जागी कडक तंतुमय चट्टा राहण्यात त्याचा वाटा असल्याचे २००८ पासून सांगितले जात आहे.

बहिणीच्या प्रश्नाशी थेट जोडलेले संशोधन पुढच्या प्रतिसादात लिहितो. तोवर कोणाला काही विचारायचे असल्यास जरूर विचारावे.

येळ्ळूरकर

सर, लेख मन लावून वाचला. एक शब्दाचा मुद्दा आहे. आपण सगळीकडे "दाह" लिहिले आहे, माझ्या आईच्या वेळी डॉक्टर "हृदयाला सूज" म्हणाले होते, आणि आयुर्वेदाच्या पुस्तकांत "शोथ" असे येते. सामान्य माणूस "सूज" ऐकतो आणि हृदय आकाराने वाढले असे समजतो. आमच्याकडे अगदी असेच झाले आणि आम्ही महिनाभर भलतीच काळजी करत बसलो. कन्नडमध्ये यासाठी "उरियूत" असा शब्द आहे. "उरि" म्हणजे जळजळ आणि "ऊत" म्हणजे सूज, म्हणजे दोन्ही लक्षणे एकाच शब्दात आली. तेव्हा रिपोर्टवर कन्नडमध्ये तो शब्द दिसला, तर तो याच आजाराविषयी आहे हे आपल्या लोकांना माहीत असावे.

मलप्रभाकाठ

येळ्ळूरकर, हा मुद्दा फार मोलाचा आहे. आपल्या सीमाभागात रिपोर्ट इंग्रजीत, सूचनाफलक कन्नडमध्ये आणि घरातली चर्चा मराठीत, त्यामुळे आजाराचे नावच तीन ठिकाणी तीन रूपांत भेटते. मी "दाह" हाच शब्द ठेवतो, पण वाचकांनी त्यात जळजळ आणि सूज दोन्ही धरावे. हृदय फुगणे ही वेगळी गोष्ट आहे. दाह बरा न होता रेंगाळला तर काही रुग्णांत ती पुढे येते.

आता राहिलेला भाग. मायक्रोआरएनए पेशींच्या बाहेर, रक्तातही सापडतो आणि तो तिथे बऱ्यापैकी टिकतो, हे २००८ च्या सुमारास स्पष्ट झाले. एरवी आरएनए रक्तात क्षणात मोडतो, पण हे तुकडे प्रथिनांना चिकटून किंवा पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांत बसून फिरत असल्यामुळे वाचतात. त्यावरून रक्ततपासणीची कल्पना पुढे आली. पहिली नजर गेली ती हृदयस्नायूतच भरपूर असणाऱ्या २०८ आणि ४९९ यांच्यावर. स्नायूपेशी फुटल्या की ते रक्तात येतात. परंतु ते झटक्यातही येतात आणि दाहातही येतात. म्हणजे ट्रोपोनिन जे सांगते तेच तेही सांगतात: स्नायूला इजा झाली आहे. इजा कशाने झाली, हा बहिणीचा प्रश्न तसाच राहतो.

इथे स्पेनमधील माद्रिदच्या राष्ट्रीय हृदयसंशोधन केंद्राच्या गटाने दिशा बदलली. जखमी स्नायूतून काय गळते हे पाहण्याऐवजी, हल्ला करणाऱ्या पेशी काय सोडतात हे त्यांनी पाहिले. हृदयस्नायूच्या दाहात टी पेशींतील "टीएच-१७" हा प्रकार पुढे असतो, झटक्यात तो तसा नसतो. उंदरांच्या या पेशींतून त्यांना ७२१ क्रमांकाचा मायक्रोआरएनए मिळाला आणि त्याचे मानवी भावंड आठव्या गुणसूत्रावर सापडले. २०२१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, या मानवी मायक्रोआरएनएचे रक्तातील प्रमाण मायोकार्डायटिसच्या रुग्णांत वाढलेले होते, तर झटका आलेल्यांत आणि निरोगी लोकांत तसे नव्हते. ही तपासणी किती भेद करते याचा त्यांनी दिलेला आकडा ०.९२७ आहे. याचा साधा अर्थ असा की दाहाचा एक रुग्ण आणि झटका आलेला एक रुग्ण अशी कोणतीही जोडी घेतली, तर सुमारे शंभरांपैकी ९३ जोड्यांत दाहाच्या रुग्णाचा आकडा वरचढ निघेल. नाणेफेकीत तो ०.५ असतो.

म्हणून बहिणीला मी असे सांगितले की, तुझा प्रश्न अगदी बरोबर आहे, तोच प्रश्न घेऊन मोठमोठे शास्त्रज्ञ काम करत आहेत आणि उत्तर रक्तातच असण्याची चांगली शक्यता आहे. मात्र आजच्या घडीला डॉक्टरांच्या नेहमीच्या तपासण्यांत ही चाचणी आलेली नाही.

प्रयोगशाळेतून

मी गेली चौदा वर्षे रक्त तपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करतो आहे. धागाकर्त्यांनी शास्त्र उत्तम सांगितले आहे, त्यात नळी आणि सुई यांच्या बाजूने थोडी भर घालावीशी वाटते, कारण ही चाचणी उद्या आपल्या भागात आली तर अडचण तिथेच येणार आहे.

मायक्रोआरएनए मोजण्यासाठी आधी त्याची उलटी डीएनए प्रत काढावी लागते आणि मग ती पीसीआरने वाढवून मोजावी लागते. पीसीआर यंत्रे कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत आली, त्यामुळे यंत्राचा प्रश्न पूर्वीइतका मोठा नाही. प्रश्न रक्ताच्या हाताळणीचा आहे. तांबड्या पेशींत क्रमांक १६ आणि ४५१ चे मायक्रोआरएनए खच्चून भरलेले असतात, प्लेटलेटमध्ये २२३ भरपूर असतो. रक्त घाईने ओढले, बारीक सुई वापरली, नळी जोराने हलवली किंवा रक्त तासन्‌तास तसेच राहिले की पेशी फुटतात, त्यांतला माल द्रवात उतरतो आणि आकडे बिघडतात. हिरव्या टोपणाच्या नळीतील हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे द्रव्य, पीसीआरलाच अडवते, म्हणून रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घ्यावे लागते. आणि अँजिओग्राफीच्या वेळी रुग्णाला हेपॅरिन दिलेले असते, हेही लक्षात ठेवायला हवे. म्हणजे ज्या रुग्णांना ही चाचणी सर्वांत जास्त उपयोगाची, त्यांचेच रक्त योग्य वेळी घेतले नाही तर वाया जाऊ शकते.

कणकुंबीच्या बाजूला पावसात सकाळी घेतलेला नमुना बसने बेळगावात येईपर्यंत दुपार होते. साखर किंवा थायरॉइडच्या बाबतीत आम्ही ते निभावून नेतो. इथे रक्त लगेच फिरवून द्रव वेगळा करून गोठवणे आवश्यक ठरेल. शिवाय मोजलेला आकडा कशाच्या तुलनेत सांगायचा, यावर निरनिराळ्या प्रयोगशाळांचे अद्याप एकमत नाही. ट्रोपोनिनचा रिपोर्ट जसा कुठूनही आला तरी वाचता येतो, तसे इथे व्हायला हे एकमत आधी लागेल. माझ्या मते चाचणी रुग्णापर्यंत पोहोचण्यातला खरा अडसर हा आहे.

वेदगंगा

मी निपाणी भागात आरोग्य खात्यात काम करते. विषाणूंबद्दल बरेच लिहिले गेले, पण आमच्याकडे दाहामुळे हृदय बिघडलेली मुले दिसतात ती घशाच्या संसर्गामुळे. लहानपणी घसा धरतो, मग सांधे दुखतात, आणि विशीत विडीच्या कामावर बसलेल्या बाईला दम लागला की कळते, हृदयाची झडप आक्रसली आहे. यात मायक्रोआरएनएचा उपयोग आहे का? आणि आम्ही घरोघर सांगताना काय सांगावे?

मलप्रभाकाठ

वेदगंगाताई, आपला प्रश्न या धाग्यावर यायलाच हवा होता. आपण सांगता तो संधिवाती ताप (रुमॅटिक फीव्हर). त्यात गट अ स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूच्या अंगावरील एम प्रथिन आणि आपल्या हृदयातील काही प्रथिने यांत साम्य असते, त्यामुळे जिवाणूसाठी तयार झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयावर, विशेषतः मिट्रल झडपेवर उलटते. अशा मुलांच्या रक्तातील आणि झडपांतील मायक्रोआरएनएचाही अभ्यास चालू आहे.

परंतु घरोघर सांगायचे ते मायक्रोआरएनएविषयी नव्हे. या आजारात प्रतिबंध कसा करायचा हे वैद्यकाला कित्येक दशकांपासून ठाऊक आहे: घसा सुजून ताप आला तर वेळीच उपचार, आणि एकदा संधिवाती ताप येऊन गेला असेल तर दर ३ आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षे, खंड न पाडता. मोठ्या मुलांना आणि प्रौढांना हा डोस १२ लाख युनिटांचा असतो. हे इंजेक्शन दुखते, त्या दिवसाची मजुरी बुडते, मुलगी लग्न होऊन महाराष्ट्रात गेली की कार्ड इकडेच राहते आणि साखळी तुटते. राज्याची सीमा ओलांडताना उपचाराची नोंद सोबत जावी यासाठी आपण जे काही करता, त्याने आज किती तरी झडपा वाचतील. या कामाचे मोल मला कोणत्याही नव्या चाचणीपेक्षा अधिक वाटते.

वडगावचा विणकर

माझे वय ६८. मी मागावर आयुष्य काढले, त्यामुळे तुमची धाग्याची आणि जुळणीची भाषा मला समजली. दोन शंका आहेत. १५५ हा एवढा वाईट असेल तर त्याला कायमचे बंद का करत नाहीत? आणि आमच्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलसाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या एका इंजेक्शनचे नाव सांगितले होते, तेही आरएनएचेच आहे म्हणाले. ते हेच काय?

मलप्रभाकाठ

काका, दोन्ही शंका मुळाला हात घालणाऱ्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

१५५ वाईट नाही. ज्या उंदरांत तो जन्मापासूनच काढून टाकला, त्यांची प्रतिकारशक्ती दुबळी झाली आणि लस दिल्यावरही त्यांना पुरेसे संरक्षण मिळाले नाही, असे २००७ मध्येच दिसून आले. संसर्गाशी लढायला तो लागतोच. दुसरे उदाहरण २२१ आणि २२२ या जोडीचे आहे. विषाणू टोचलेल्या उंदरांत ही जोडी बांधून ठेवली, तेव्हा हृदयातील विषाणू वाढले, शरीरात अधिक काळ टिकले आणि दाह अधिक भडकला. म्हणजे ही जोडी रक्षण करणारी निघाली. एका सुताला पन्नास ठिकाणी गाठ असेल, तर ते ओढल्यावर कापड कुठे चुरगळेल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. तीच भीती इथे आहे. शिवाय वेळ महत्त्वाची: पहिल्या दिवसांत विषाणू जिवंत असताना प्रतिकार दाबणे घातक ठरू शकते, आणि विषाणू गेल्यावरही दाह चालू राहिला तर तो दाबणे हिताचे ठरू शकते. रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा तो नेमका कोणत्या टप्प्यात आहे, हे बाहेरून दिसत नाही.

आता इंजेक्शन. ते इन्क्लिसिरान असावे; अमेरिकेत त्याला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. ते मायक्रोआरएनए नाही, पण त्याचे जवळचे नातलग म्हणता येईल. तेही आर्गोनॉटच्याच कुशीत बसते, मात्र ते कोलेस्टेरॉलशी संबंधित पीसीएसके-९ या एकाच जनुकाच्या निरोपाला पूर्ण जुळेल असे घडवलेले आहे. ते यशस्वी झाले याचे एक मोठे कारण असे की त्याला एक विशिष्ट शर्करा जोडलेली आहे आणि ती ओळखून यकृताच्या पेशी त्याला आत घेतात. हृदयस्नायूच्या पेशींना असे सोयीचे दार नाही. हृदयापर्यंत औषध न्यायचे तर ते सर्व शरीरात पसरते.

मायक्रोआरएनएवर आधारित औषधांची वाट यामुळेच खडतर आहे. ३४ए या मायक्रोआरएनएची नक्कल असलेल्या कर्करोगावरील औषधाची माणसांवरील चाचणी, प्रतिकार यंत्रणेशी संबंधित गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली. हृदयाच्या बाबतीत १३२ ला बांधून ठेवणाऱ्या औषधाची हृदय दुर्बल झालेल्या २८ रुग्णांवरील प्राथमिक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तीत ते औषध सुसह्य असल्याचे दिसले. पण तो आजार दीर्घकालीन हृदय दुर्बलतेचा आहे, तीव्र दाहाचा नव्हे. दोन्हींची गल्लत करून कोणी "हृदयाच्या सुजेवर नवे जनुकीय औषध" असा संदेश पाठवला, तर त्यावर पैसे खर्च करू नयेत.

येळ्ळूरकर

सर, शेवटचा प्रश्न. आमच्या गावातही भरतीची तयारी करणारी तीस-चाळीस मुले आहेत आणि तालमीत जाणारी वेगळी. त्यांना आज काय सांगावे?

मलप्रभाकाठ

हे सर्वांत आधी लिहायला हवे होते. ताप असताना आणि तो उतरल्यावर लगेच धावू नये, जोर-बैठका काढू नयेत. कॉक्सॅकी विषाणू टोचलेल्या उंदरांना सक्तीने पोहायला लावले तेव्हा हृदयातील विषाणू प्रचंड वाढले आणि पुष्कळ अधिक उंदीर दगावले, हे १९७० मध्येच नोंदले गेले आहे. तापानंतर छातीत दुखणे, नेहमीच्या अंतरात दम लागणे, ठोके चुकल्यासारखे वाटणे किंवा भोवळ येणे, यांतले काहीही झाले तर त्याच दिवशी ई.सी.जी. काढावा आणि ट्रोपोनिन तपासावे. डॉक्टरांना "आधी ताप येऊन गेला होता" हे आपणहून सांगावे. आमच्या भाच्याने ते तिसऱ्या दिवशी सांगितले. निदान झाल्यावर साधारण तीन ते सहा महिने कोणताही जोराचा व्यायाम नाही, आणि पुन्हा सुरू करण्यापूर्वी तपासण्या. भरतीची तारीख हुकते, मुलाला रडू येते, घरात वाद होतात. हे सगळे आमच्या घरात झाले आहे. पण दाह असलेल्या हृदयाचे ठोके धावताना अचानक बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो, आणि तो तरुणांतही येतो.

प्रयोगशाळेतून

येळ्ळूरकर, आपल्या गावात मुलांची सभा घेणार असाल तर मी येईन. कोणत्या तपासणीचे नाव कन्नड आणि इंग्रजी रिपोर्टवर कसे दिसते, याचा एक कागद तयार करून आणतो.

येळ्ळूरकर

जरूर यावे. रविवारी सकाळी मुले मोकळी असतात. भाचा आता कसा आहे, सर?

मलप्रभाकाठ

एको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आहे, ट्रोपोनिन पूर्ववत झाले आहे. दुसरा एम.आर.आय. पुढच्या महिन्यात ठरला आहे आणि त्यात चट्टा किती राहिला ते कळेल. तोवर तो पहाटे उठतो, मित्रांबरोबर वेशीपर्यंत चालत जातो, आणि ते धावायला लागले की कट्ट्यावर बसून त्यांची वेळ मोजतो. रविवारी त्यालाही सोबत आणतो.